रिकाम्या पिशवीतले पतंग: प्राणी वासातून काय बोलतात?

पावसाळा मध्यावर आला की विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकांच्या मोबाइलवर दर वर्षी एक सल्ला हमखास येतो: गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवण्यासाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा. पेपरातही तेच येतं आणि कृषी सहायकही तेच सांगून जातात. सापळे लागतात. पण त्या सापळ्यात नेमकं घडतं काय, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही.

वर्धा जिल्ह्यात माझ्या मामांचं शेत आहे. गेल्या हंगामात तिथे सकाळी सकाळी सापळा उघडताना मी शेजारी उभा होतो. बांबूच्या काठीला पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर बांधलेलं प्लास्टिकचं नरसाळं, त्यावर ताटलीसारखं झाकण, खाली लांबट पारदर्शक पिशवी. झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची एक बारीक गोळी अडकवलेली, तिला सगळे ‘ल्युर’च म्हणतात. पिशवीच्या तळाशी सहा पतंग होते, म्हणजे त्याच बोंडअळीचं पंख फुटलेलं मोठं रूप. राखाडी-तपकिरी, नखाएवढे, पंखांवर मळकट ठिपके. सहाही नर.

मामांनी पिशवी उलटी करून झटकली आणि म्हणाले, “अबे, याच्यात खाले तं काईच नाई. उजेडबी नाई. मंग हे पाखरू कायले येऊन पडते?”

प्रश्न रास्त होता. दिव्यावर किडे येतात, गुळावर मुंगळे येतात. इथे ना दिवा, ना गूळ. ती गोळी नाकाशी धरली तर आपल्याला जवळजवळ काहीच जाणवत नाही. (धरू नका. हाताला लागलेली तंबाखू, कांदा, औषध यांचा वास ल्युरला लागला की तो बिघडतो.) तरी रात्रीच्या अंधारात, हजारो झाडांच्या गर्दीतून ते नर बरोब्बर तिथेच येतात. कारण त्या गोळीतून अख्खी रात्र एकच निरोप सुटत असतो: ‘मी मादी आहे, तुझ्याच जातीची आहे, इकडे ये.’ तो निरोप खोटा आहे, एवढंच.

वास म्हणजे प्रवासाला निघालेला पदार्थ

फणस कापला की शेजारच्यांना कळतं, कारण फणसातले अतिसूक्ष्म कण हवेत उडून त्यांच्या नाकापर्यंत पोचलेले असतात. आवाज आणि प्रकाश यांच्यापेक्षा वास इथे वेगळा पडतो. हाक थांबली की संपली. वास मात्र खरीखुरी वस्तू असतो. तो मागे राहतो, वाऱ्यावर जातो, कोपरा वळतो, अंधारात चालतो, आणि ज्याने सोडला तो निघून गेल्यावरही निरोप देत राहतो. चिठ्ठी लिहून दाराला लावून जावं तसा.

शरीराच्या आत असे रासायनिक निरोप सतत फिरत असतात. त्यांना आपण संप्रेरकं म्हणतो, म्हणजे हार्मोन. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द पाठ असतो. असाच निरोप एका प्राण्याच्या शरीराबाहेर पडून त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या वागण्यात किंवा शरीरात ठरावीक बदल घडवत असेल, तर त्याला ‘फेरोमोन’ म्हणतात. पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर या दोन शास्त्रज्ञांनी १९५९ साली हा शब्द बनवला. मराठीतला ‘कामगंध’ हा त्यातला एक प्रकार, नर-मादीच्या भेटीपुरता. धोक्याचे, वाटेचे, हद्दीचे, ‘ही माझी आई’ असं सांगणारे फेरोमोन वेगळे. या लेखात मी सोयीसाठी ‘गंधसंकेत’ म्हणेन.

पाच लाख पतंग

तो शब्द जन्मला त्याच वर्षी पहिला गंधसंकेत रासायनिकदृष्ट्या उलगडला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ बुटेनान्ट यांना माणसाच्या लैंगिक संप्रेरकांवरच्या कामासाठी १९३९ चं नोबेल मिळालं होतं. त्यानंतर त्यांनी सुमारे दोन दशकं रेशमाच्या पतंगापायी घालवली. मादीच्या पोटाच्या टोकाशी एक इवली ग्रंथी असते. ती उघडी झाली की नर वेडे होतात, हे रेशीम काढणाऱ्यांना ठाऊक होतंच. प्रश्न होता, त्यात आहे काय?

एका ग्रंथीतून मिळणारं द्रव्य मोजता येणार नाही इतकं कमी. म्हणून पाच लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा केल्या, आणि त्यातून शेवटी हाती आलं काही मिलिग्रॅम शुद्ध रसायन. मिठाचे मोजके दाणे, बस. त्याला नाव दिलं ‘बाँबिकॉल’. दर टप्प्यावर कुठल्या भागात खरा संकेत उरला आहे हे ठरवायचं यंत्र नव्हतं. तिथे परीक्षक होता नर पतंगच. हजारो वर्षं पाळला गेल्यामुळे रेशमाचा पतंग उडायचं विसरला आहे. बरोबर द्रव्य समोर आलं की तो पंख फडफडवत तुरुतुरु चालू लागतो. फडफडला तर बरोबर, गप्प बसला तर चूक. नोबेलविजेता रसायनशास्त्रज्ञ वीस वर्षं पतंगाला विचारून पुढे जात होता, हे मला या सगळ्या गोष्टीत फार आवडतं.

ऱ्हस्व-दीर्घाची चूक

आपल्या गुलाबी बोंडअळीची गोष्ट याहून चटकदार आहे. तिच्या मादीचा कामगंध सापडल्याचं १९६६ साली जाहीर झालं. तो प्रयोगशाळेत तयारही झाला. शेतात ठेवला, तर नर फिरकेनात. ओळखण्यात चूक झाली होती. खरा कामगंध सापडायला १९७३ उजाडलं. त्याचं नाव ‘गॉसिप्ल्युर’, आणि आज मामांच्या सापळ्यातल्या गोळीत तेच असतं.

गॉसिप्ल्युर हे एक रसायन नाही, दोन रसायनांचं मिश्रण आहे. दोघांत अणू तेच, तितकेच, त्याच क्रमाने जोडलेले. फरक एवढाच, की सोळा कार्बनच्या साखळीत एका ठिकाणी पहिलं रसायन एका बाजूला वळतं आणि दुसरं उलट बाजूला. मराठीत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. अक्षरं तीच, एक वेलांटी फिरली की अर्थ गेला. इथे तर दोन्ही वेलांट्या लागतात, आणि त्याही जवळपास निम्म्या-निम्म्या. हे प्रमाण फार बिघडलं तर नराच्या लेखी ते वाक्यच राहत नाही.

म्हणून हरभऱ्यातल्या आणि तुरीतल्या घाटेअळीचं ल्युर गुलाबी बोंडअळीला चालत नाही. घाटेअळीच्या मादीचं मिश्रण वेगळं आहे. त्यात एक घटक भरपूर आणि दुसरा शंभरात तीनच्या आसपास, फोडणीत हिंग असावा तसा. दुकानदाराने “कोणतंही घ्या, सगळं एकच” म्हटलं तर घेऊ नका. सापळा एकच असेल, भाषा एक नाही.

मिशीने हुंगायचं, वाऱ्याने चालायचं

पतंगाला नाक नसतं. तो वास घेतो त्याच्या शृंगिकांनी, म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशांनी. रेशमाच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या पसरट असतात आणि त्यांवर केवळ बाँबिकॉल टिपणारे सुमारे १७ हजार सूक्ष्म केस असतात. प्रत्येक केसाला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. कण त्यातून आत शिरतो आणि आतल्या ठरावीक प्रथिनाच्या खोबणीत बसतो. किल्ली आपल्याच कुलपात बसावी तसा. बसला की मेंदूकडे विजेचा एक ठोका जातो. एकेका केसातली चेतापेशी एका कणालाही ओळखू शकते, इतकी ती तयार असते.

पण ‘वास आला’ आणि ‘वास कुठून आला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवघरातल्या उदबत्तीचा धूर पाहा. काडीपाशी सरळ रेघ, जरा वर गेलं की वळसे, मग तुटक दोरे, मधे रिकामी हवा. मादीचा गंधही शेतात असाच जातो. ‘जिकडे वास जास्त तिकडे मादी’ हा हिशेब तिथे लागत नाही. कारण लांबचा एखादा दोरा दाट असतो आणि जवळची हवा कोरी. नर म्हणून साधा नियम पाळतो. गंधाचा दोरा लागला की वाऱ्याच्या तोंडावर सरळ उडायचं. दोरा तुटला की पुढे जायचं थांबवून डावीकडे-उजवीकडे हेलकावे घ्यायचे, परत लागेपर्यंत. नागमोडी चाललेलं पाखरू आपल्याला भरकटलेलं वाटतं. ते मन लावून पत्ता शोधत असतं.

पुसट होत जाणारी रांग

वाऱ्यावर सोडलेला निरोप एक, जमिनीवर लिहिलेला दुसरा. ओट्यावर साखर सांडली की तासाभरात मुंग्यांची रांग लागते. एकदा रांगेच्या मधोमध ओलं बोट आडवं फिरवून बघा. दोन्ही बाजूंच्या मुंग्या त्या अदृश्य रेघेपाशी थबकतात, मिशा हलवतात, गोल फिरतात. डोळ्यांना समोरच्या मुंग्या दिसत असतील-नसतील, पण वाट पुसली गेली आहे.

खाऊ सापडलेली मुंगी परतताना पोट टेकवत टेकवत गंधाचा माग सोडते. तो माग धरून आलेली दुसरी, खाऊ मिळाला तर, त्यावर आपला थर चढवते. साखर संपली की परतणाऱ्या मुंग्या माग सोडत नाहीत, आणि जुना गंध आपोआप उडून जातो. वाट बंद झाल्याची सूचना कुणालाच द्यावी लागत नाही. निरोपाचं उडून जाणं हाही निरोपच. ‘फॅरो’ नावाच्या एका जातीच्या मुंग्यांची तऱ्हा याच्याही पुढची. पुढे काही नाही अशा फाट्यावर त्या ‘इकडे जाऊ नका’ असा वेगळा गंध लावतात, हे २००५ साली दाखवून देण्यात आलं.

हा निरोप किती आंधळेपणाने पाळला जातो, याचा एक प्रयोग आहे. मेलेली मुंगी दोन-तीन दिवस वारुळात कुणाच्या लक्षातही येत नाही. मग तिच्या अंगात ओलिक आम्ल तयार होतं आणि इतर मुंग्या तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकतात. १९५८ च्या सुमाराला अमेरिकी जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी हेच आम्ल धडधाकट, जिवंत मुंगीला लावलं. तिला हातपाय झाडत असतानाच उचलून ढिगावर टाकण्यात आलं. ती परत आली, पुन्हा टाकली. अंग चाटून साफ होईपर्यंत ती अधिकृतपणे मेलेलीच होती. (सरकारी कागदावर ‘मयत’ लागलेला माणूस आठवला तर तो माझा दोष नाही.)

मधमाश्यांचा संकेत जाणून घेणं गडावर जाणाऱ्यांच्या थेट उपयोगाचं. माशी डंख मारते तेव्हा नांगीपाशी धोक्याचा गंध सुटतो. त्यातला मुख्य घटक पिकल्या केळ्याच्या वासाचा असतो. केळ्याच्या गोळ्यांत, सरबतात जो वास घालतात तोच. नांगी अंगात रुतून राहते आणि तिथून ‘इथे मारा’ असा पुकारा चालू राहतो. म्हणून एक डंख बसला की तिथे उभं राहून हात झटकत बसायचं नसतं. तोंड झाकून लांब निघायचं. मध काढणारे आधी धूर करतात, त्याचंही एक कारण हेच: धुरात धोक्याचा गंध माश्यांना नीट ओळखू येत नाही.

वाघाचा भात आणि हत्तीचा मद

काही निरोप मात्र दिवसेंदिवस टिकायला हवेत. ताडोबात वाघ शेपूट ताठ वर करून मागच्या झाडावर फवारा सोडताना पुष्कळांनी पाहिला असेल. ते निव्वळ मूत नसतं. त्या द्रवात स्निग्ध पदार्थ असतात आणि ते गंधाला धरून ठेवतात. अत्तर करणारे फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात का उतरवतात? नुसता अर्क तासाभरात उडून जाईल म्हणून. वाघाने ती युक्ती आधीच साधलेली आहे. कोण गेला, नर की मादी, मादी माजावर आहे का, हद्द कुणाची, हे मागून येणारा त्या झाडावर वाचतो, आणि बहुतेक वेळा मारामारी टळते.

त्या फवाऱ्याला सुगंधी तांदळाच्या भातासारखा वास येतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या गंधावर वर्षानुवर्षं काम केलं आणि त्या वासाचं मूळ दाखवून दिलं. बासमतीला, आपल्या आंबेमोहराला ज्या रसायनामुळे घमघमाट येतो, तेच रसायन वाघाच्या द्रवात आहे. कोकणात भातात टाकतात त्या रंप्याच्या पानातही तेच. जंगलात भर दुपारी भात शिजल्याचा वास आला, तर आसपास चूल शोधू नका.

माजावरच्या गाईचं मूत हुंगून वळू मान उंच करतो, वरचा ओठ उलटा दुमडतो आणि क्षणभर तसाच उभा राहतो. आपण हसतो. तो वाचत असतो. टाळूच्या वर, नाकाच्या तळाशी, जड आणि सहज न उडणारे कण तपासणारा एक वेगळा अवयव अनेक प्राण्यांत असतो. ओठ दुमडून तो कण तिथे ओढून घेतो. साप जीभ लवलवतो तीही त्याच अवयवापर्यंत कण पोचवायला, आणि जिभेला दोन टोकं असल्यामुळे डावीकडे जास्त की उजवीकडे हेही त्याला कळतं.

हत्तीची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. वयात आलेला नर हत्ती मस्तीत येतो तेव्हा डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथीतून मद पाझरतो. गणपतीच्या ध्यानाच्या एका श्लोकात गंडस्थळावरच्या मदाच्या गंधाला भुललेले भुंगे घोंघावतात. आपण ती कविकल्पना समजून पुढे जातो. २००२ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एल. ई. एल. रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी आशियाई हत्तींविषयी असं मांडलं, की नुकत्याच मस्तीत येऊ लागलेल्या तरुण नरांच्या मदाला मधासारखा गोड वास येतो, तर पोक्त नरांच्या मदाला उग्र दुर्गंध. पोरगेल्या हत्तीचा गोड वास मोठ्यांना सांगतो, ‘मी अजून लहान आहे, मला मारू नका.’ म्हणजे भुंगे लिहिणाऱ्या कवीने हत्ती जवळून पाहिला होता, आणि बहुधा तरुण हत्ती पाहिला होता.

“मग हत्तिणीच्या मागे पतंग का लागत नाहीत?”

ही शंका उगाच नाही. याच रासमुसेन यांच्या गटाने १९९६ साली दाखवलं, की माजावर येणाऱ्या आशियाई हत्तिणीच्या मुतातला कामगंध हा एक साधा रेणू आहे आणि तोच रेणू शंभरावर जातींच्या पतंगांच्या माद्याही वापरतात. इवलं पाखरू आणि कित्येक टनांची हत्तीण यांचा शब्द एकच. घोटाळा कसा होत नाही?

तीन कारणं. पतंग सहसा एकटा शब्द वापरत नाहीत, मिश्रण वापरतात. हत्तिणीचा तो एक शब्द पतंगाच्या कानी पडला तरी वाक्य होत नाही. दुसरं, हत्तिणीच्या मुतात तो इतक्या प्रमाणात असतो आणि पतंगाची मादी सोडते तो इतका कमी, की हत्तीला पतंगाची कुजबुज ऐकूच जाणार नाही. आणि तिसरं म्हणजे जागा-वेळ. ‘कळ’ हा शब्द पोटात असला तर दुखणं, यंत्रात असली तर बटण. संदर्भ सुटला की गंधाचा अर्थही सुटतो.

घोटाळा मुद्दाम करणारे मात्र आहेत. अमेरिकेतला बोलस कोळी जाळं विणत नाही. एका धाग्याच्या टोकाला चिकट थेंब लावून तो लटकतो आणि पतंगाच्या मादीसारखा गंध सोडतो. आशेने आलेल्या नरावर थेंब फिरवून त्याला पकडतो. कामगंध सापळ्याचा खरा शोधक तोच म्हणायचा.

“माणसांत पण असतं ना हे?”

हा प्रश्न प्रत्येक गप्पांत येतो, सहसा अत्तराच्या जाहिरातीवरून. ‘फेरोमोनयुक्त’ अशी पट्टी लावून बाटल्या विकल्या जातात. ऑक्सफर्डचे ट्रिस्ट्रम वायट यांनी २०१५ साली या विषयावरच्या पुराव्यांचा आढावा घेतला. ज्या रेणूंना माणसाचे कामगंध म्हणून खपवलं जातं, त्यांना भक्कम आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. माणसात असे संकेत असणं अशक्य नाही, पण बाटलीत भरलेलं ते नाही. पैसे वाचवा.

“हॉस्टेलवर एकत्र राहणाऱ्या मुलींची पाळी एकाच वेळी येऊ लागते” हेही त्यातलंच. मार्था मॅकक्लिंटॉक यांनी १९७१ साली १३५ विद्यार्थिनींवरून तसं मांडलं आणि ते जगभर पसरलं. पुढे चीनमधल्या वसतिगृहांतल्या १८६ जणींच्या नोंदी तपासल्या तेव्हा, २००६ साली, तसं काही आढळलं नाही. ज्यांचं चक्र कमी-जास्त दिवसांचं असतं, त्यांच्या तारखा अधूनमधून जुळणारच. दोन वेगवेगळ्या गतीची घड्याळंही कधीतरी एकच वेळ दाखवतात. वळूच्या ओठाशी संबंधित जो अवयव मी वर सांगितला, त्याचं काम चालवणारं एक महत्त्वाचं जनुक माणसात निकामी झालेलं आहे.

याचा अर्थ वास आपल्याशी बोलत नाही असा नाही. बाळंतीण आपल्या तान्ह्याला नुसत्या वासावरून ओळखू शकते. बाळही आईच्या छातीच्या वासाकडे वळतं. पण ही ओळख शिकलेली, माणसागणिक वेगळी असते. पतंगाची जन्मजात असते आणि साऱ्या जातीची एक.

“सगळे नर पकडले की कीड संपली!”

आता परत शेतात. मामांचा दुसरा प्रश्न हाच होता आणि गणित वरवर बरोबर आहे. नर नाही तर अंडी नाहीत. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो. शंभरातले ऐंशी नर सापळ्यात गेले तरी उरलेले वीस पुष्कळ काम उरकतात. शिवाय शेजारच्या शेतातून मिलन झालेली मादी उडून येते, आणि ती सापळ्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून एकरी दोन सापळे हे मारण्यासाठी नसतातच. ते मोजण्यासाठी असतात. थर्मामीटरने ताप उतरत नाही, कळतो.

आणि या किडीत कळणंच महत्त्वाचं आहे. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात पातीत, फुलात, बोंडात शिरते. फुलाच्या पाकळ्या आतून विणून टाकते, तीच डोमकळी. बोंडाचं छिद्र बुजून जातं, वरून बोंड छान हिरवं, आत किडकं. एकदा ती आत गेली की फवारा बाहेरच राहतो. बीटी कपाशी, म्हणजे बाहेरून घातलेल्या जनुकामुळे अळीला मारणारं द्रव्य स्वतःच तयार करणारी कपाशी, आली तेव्हा फवारण्या सुटल्या असं वाटलं. दोन जनुकांचं बीटी २००६ मध्ये आलं, पण गुलाबी अळीने त्यालाही दाद देणं बंद केलं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने काय केलं ते कापूसवाल्यांना सांगायला नको. म्हणून नेम असा: सलग तीन दिवस, दर सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग दिसले की उपाय सुरू करायचा. त्याआधी फवारणं म्हणजे पैसे आणि मित्रकिडी दोन्ही घालवणं.

आणखी एक मार्ग आहे, आणि मला तो जास्त चतुर वाटतो. गंध थोडा नाही, भरपूर सोडायचा. शेतभर झाडांना कामगंधाने भरलेल्या दोऱ्या बांधायच्या. जत्रेत हरवलेल्या पोराला आई एकीकडून हाक मारते, पण शंभर भोंग्यांवरून एकाच वेळी तेच नाव येऊ लागलं तर पोर जाणार कुठे? नराला सगळीकडून मादी ‘ऐकू’ येते आणि खरी सापडत नाही. अमेरिकेत १९७८ साली गॉसिप्ल्युरला या कामासाठी मंजुरी मिळाली. तिथे १९१७ मध्ये पोचलेली गुलाबी बोंडअळी २०१८ साली कपाशीच्या पट्ट्यातून संपल्याचं सरकारने जाहीर केलं. मात्र एकट्या गंधाने ते झालं नाही. बीटी कपाशी, वांझ केलेले पतंग लाखोंनी सोडणं, हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) गाडणं, हे सगळं एकाच वेळी आणि सगळ्यांनी मिळून केलं. आपल्याकडे एक जण दोऱ्या बांधतो आणि शेजारी जानेवारीतही फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं राखलेलं कपाशीचं पीक, ठेवतो. पतंगाला बांध दिसत नाही.

“पाखरं शहाणी होणार नाहीत का?”

होतात. जपानमध्ये चहाच्या मळ्यात पानं गुंडाळणाऱ्या एका पतंगावर वर्षानुवर्षं त्याच्या कामगंधातला एकच घटक वापरून गोंधळ घातला गेला, आणि हळूहळू त्याचा परिणाम ओसरला. त्या एका शब्दाला न फसणारे नर मागे उरले होते. मग खऱ्या मादीच्या मिश्रणाच्या जवळ जाणारं पूर्ण मिश्रण वापरलं, तेव्हा पुन्हा गुण आला. विषापासून सुटका करून घेणं किडीला सोपं जातं. आपल्याच मादीच्या हाकेला बहिरं होणं महागात पडतं, कारण तो नर सापळ्यातून वाचतो पण त्याला पिल्लं होत नाहीत. सुटायचं तर नर आणि मादी दोघांनी मिळून भाषा बदलायला हवी.

हे मी मामांना शक्य तितकं साधं करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पिशवीचं तोंड परत रबराने आवळलं आणि ल्युरवरची तारीख बघितली. तीन आठवडे उलटून गेले होते. “म्हंजे हे आता बोलनं बंद होत आलं,” ते म्हणाले, आणि खिशातून नवीन पुडी काढून दाताने फाडायला लागले. मी कात्री आणायला घराकडे पळालो, कारण तोंडात तंबाखू होती.